पोरांचा वाफा



पुढच्या आठवड्यात घट बसतील. घरोघर शेतातली माती येईल, पत्रावळीवर पसरली जाईल, तिच्यात पाच-सात धान्यं पडतील, वर पाण्याचा घट बसेल. आणि घरातलं लहान पोर रोज सकाळी उठलं की आधी देवापुढं जाऊन बघेल आणि विचारेल, "आई, उगवलं का गं?" हा प्रश्न दसऱ्याला संपतो. तो तिथं संपू न देता परसात कसा न्यायचा, म्हणजे लहान मुलांना बरोबर घेऊन परसबाग कशी करायची, ते आज सांगणार आहे.

आधी माझी चूक सांगते, म्हणजे पुढचं सगळं मी कशासाठी सांगते ते कळेल.

माझा थोरला तेव्हा चार वर्षांचा होता. मी परसबागेचं प्रशिक्षण घेऊन नुकतीच आले होते. बियांची बारा पाकिटं आणली, दोरी धरून सरळ वाफे काढले, ओळीनं भेंडी, गवार, दोडका लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते, तर भेंडीची ओळ उकरलेली. पोरगं मातीत फतकल मारून बसलेलं आणि हातात भिजून फुगलेलं बी. मी ओरडले, पुन्हा लावलं. तिसऱ्या दिवशी परत तेच. चौथ्या दिवशी मी त्याच्या हातावर दोन चापट्या दिल्या. तो रडला नाही. हात चड्डीला पुसले आणि घरात गेला. त्या हंगामात तो पुन्हा परसात आला नाही.

बाग छान झाली. भेंडी इतकी आली की शेजारीपाजारी वाटली. पण माझ्या पोरानं त्यातली एक भेंडी तोंडात घातली नाही. "ती तुझी भेंडी आहे," म्हणायचा.

पुढं धाकटी झाली. ती साडेतीन वर्षांची असताना अंगणवाडीतल्या तपासणीत तिचं रक्त कमी भरलं. मला फार लाज वाटली. दारात हिरवीगार भाजी आणि लेकीच्या अंगात रक्त नाही! नर्सताई म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या एकटीच्या घरातलं नाही हे." खरंच नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, आपल्या देशातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या शंभर मुलांमागं सदुसष्ट मुलांमध्ये रक्त कमी आढळलं होतं. त्यांनी पातळ औषध दिलं, ते सुरू केलं. आणि सांगितलं, "पालेभाजी पोटात जाऊ द्या." आता पोर भाजी बघूनच तोंड फिरवते, तर पोटात जायची कशी?

त्या वर्षीच्या घटाला माझ्या सासूबाईंनी, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, धाकटीला मांडीवर घेतलं आणि धान्य तिच्या हातानं टाकायला लावलं. पोरीनं गहू सगळा एकाच ठिकाणी ओतला, ज्वारी दुसरीकडं सांडली. मी हात पुढं केला सारखं करायला. आत्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "राहू दे. घट वाकडा उगवला म्हणून आपण उपटतो का कधी? जसा येईल तसा देवाचा."

मी गप्प बसले. मला थोरल्याची ती भेंडीची ओळ आठवली. उकरून त्यानं काय पाहिलं होतं? धाकटी देवापुढं जे रोज बघत होती, तेच. उगवलं का. एकीला आम्ही मांडीवर घेत होतो आणि दुसऱ्याला त्याबद्दल मार बसला होता.

म्हणून मैत्रिणींनो, पहिली गोष्ट ही. मुलांबरोबर बाग करायची तर आपल्या बागेत मुलाला मदतीला घ्यायचं नाही. मुलाला त्याचा वेगळा वाफा द्यायचा आणि त्यातलं वाकडं, दाट, विरळ सगळं तसंच राहू द्यायचं. आपली भेंडीची सरळ ओळ आपल्या वाफ्यात. तिथं मुलांनी विचारून यायचं. आणि त्यांच्या वाफ्यात आपण विचारून जायचं.

वाफा किती मोठा? दोन फूट रुंद, चार फूट लांब. यापेक्षा मोठा नको. दोन फूट अशासाठी की कोणत्याही बाजूनं बसलं तरी मुलाचा हात मधोमध पोचतो, आत पाय टाकावा लागत नाही. जागा अशी निवडा की दिवसातून पाच-सहा तास ऊन मिळेल आणि स्वयंपाकघराच्या दारातून तुम्हाला दिसेल. माती वीतभर खोल मोकळी करा. दोन पाट्या मातीला एक पाटी चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा. खत हातात घेतल्यावर वास यायला नको आणि भुसभुशीत लागलं पाहिजे. ओलं शेण घालू नका. त्यानं कोवळी मुळं जळतात आणि मुलांच्या हातालाही ते बरं नाही. वाफ्याभोवती विटा नाहीतर दगड लावा, म्हणजे "इथून इथपर्यंत माझं" हे मुलाला दिसतं.

आणि कोंबड्या! त्यांना विसरलात तर सगळं गेलं. तुराट्या रोवून भोवती जुनी साडी गुंडाळा. बोराटीचं कुंपण मुलांच्या वाफ्याला नको, काटे त्यांनाच लागतात.

आता तुम्ही म्हणाल, पाणी कुठून आणायचं? आपल्या भागात माणसाला पाणी पुरत नाही. खरं आहे. पण एवढ्या वाफ्याला दिवसाला तीन-चार तांबे पुरतात. तांदूळ धुतलेलं, डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी मोरीत न सोडता एका बादलीत ठेवा. तेवढ्यावर हा वाफा निघतो. साबणाचं, कपड्यांच्या पावडरीचं पाणी मात्र पालेभाजीला नको, ते बाजूला केळीला जाऊ द्या. मुलांना पाणी घालायला प्लॅस्टिकची बाटली घ्या आणि झाकणाला तापलेल्या सुईनं आपणच सात-आठ भोकं पाडा. झारी तयार. तांब्यानं घातलं तर धारेनं बी वाहून जातं.

बियाण्याला पैसे घालवू नका. मुलांच्या वाफ्याचं बियाणं तुमच्या मिसळणाच्या डब्यात आणि कडधान्याच्या बरण्यांत आहे. मेथ्या, मोहरी, धणे, लसूण, हरभरा, पावटा. या सहा गोष्टी पुरेत. फक्त भाजलेल्या किंवा फार जुन्या नकोत. शंका असेल तर दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी मुलाला मोजायला सांगा. दहातले सात-आठ मोडले असतील तर पेरा. धण्यांना मात्र जास्त वेळ लागतो, त्यांची अशी परीक्षा घेऊ नका.

घरचंच बी घ्यायचं याला पैशापेक्षाही मोठं कारण आहे. बाजारातल्या पाकिटातलं बी बऱ्याचदा गुलाबी, हिरवं, निळं असतं. तो रंग शोभेचा नाही. कीड-बुरशी लागू नये म्हणून लावलेलं ते विषारी औषध असतं आणि ते विष आहे हे कळावं म्हणून त्याला रंग देतात. माझ्या थोरल्याच्या हातात त्या सकाळी तेच गुलाबी बी होतं. मला राग आला तो ओळ मोडल्याचा. भीती वाटायला हवी होती त्या रंगाची, ती वाटलीच नाही. असं बी लहान मुलाच्या हातात देऊ नका. आपण लावलं तर हात साबणानं धुवा आणि उरलेलं पाकीट उंचावर ठेवा.

पेरायचं कधी? दसऱ्याला. नऊ दिवसांत घट उगवलेला असतो, मुलांच्या टोपीत आणि मुलींच्या केसांत त्याचे कोंब खोवलेले असतात. तेव्हाच मुलांना विचारा, हे कोंब असे पिवळे का? देवापुढं अंधार असतो, ऊन लागत नाही, म्हणून. मग तेच धान्य उन्हात पेरून बघा म्हणावं, कसं हिरवं येतं. सांगून जे कळत नाही ते दोन्ही शेजारी ठेवून आपोआप कळतं.

लहान मुलाला "तीस दिवसांनी" म्हटलेलं कळत नाही. त्याला सण कळतात. म्हणून बागेचं कॅलेंडर सणांवर लावा. दसऱ्याला पेरलेली मोहरी तीन-चार दिवसांत वर दिसते, मेथी चार-पाच दिवसांत. दिवाळीपर्यंत लसणाची पात वीतभर होते, कातरून चटणीत घाला. तुळशीच्या लग्नाला मेथी काढायला येते. कोथिंबीर त्यानंतर दहा-पंधरा दिवसांनी. आणि भोगीला पावट्याच्या शेंगा आणि हरभऱ्याचे घाटे. भोगीच्या भाजीत आपल्या वाफ्यातला मूठभर पावटा पडला पाहिजे, एवढं एकच ध्येय मुलांपुढं ठेवा.

पेरताना प्रत्येकाला त्याच्या वयाचं काम द्या. दीड-दोन वर्षांच्या मुलाला फक्त माती आणि पाणी. जुना डाव आणि एक वाटी द्या, त्याला तेवढं पुरतं. त्याच्या हाती बारीक दाणे, हरभरे देऊ नका, नाकात घालतात, घशात अडकतात. तीन-चार वर्षांच्या मुलाला मोठं बी द्या. हरभरा, पावटा, लसणाची पाकळी. बोटाचं एक पेर मातीत घालायचं, त्या भोकात एक बी टाकायचं आणि वरून माती लोटायची. लसणाची टोकदार बाजू वर. पाच-सहा वर्षांच्या मुलाला मेथ्या-मोहरी विस्कटायला द्या. धणे चपलेनं हलकेच रगडून दोन फाकळ्या करायला द्या, मग रात्रभर भिजवा. सात-आठ वर्षांचं असेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहू दे, आज काय उगवलं, किती पानं आली.

आणि मुलगा असो की मुलगी, काम तेच. पाणी मुलीनं घालायचं आणि शेंगा मुलानं खायच्या, ही सवय आपल्याच घरात लागते. ती आपणच लावू नये.

आता उकरण्याचं. मुलं उकरणारच. त्यांना मातीच्या आत काय चाललंय ते बघायचं असतं. मग दाखवा ना! एक पारदर्शक प्लॅस्टिकची बरणी घ्या. जुन्या सुती साडीचा तुकडा ओला करून आतून गोल बसवा आणि फडकं आणि बरणी यांच्या मध्ये पावट्याचे चार दाणे सरकवा. फडकं रोज ओलं ठेवा. दोन-तीन दिवसांत मूळ फुटतं, पुढं आठवडाभरात पानं दिसतात. दाणे मुद्दाम वेगवेगळ्या दिशेनं ठेवा. कसेही ठेवले तरी मूळ वळून खालीच जातं, हे बघून माझी धाकटी हाक मारत घरभर फिरली होती. आणि तरीही वाफ्याचा एक कोपरा उकरायला सोडून द्या. तिथं दहा दाणे जास्तीचे टाका. काय बिघडतं? दहा हरभरे!

पहिले दहा दिवस सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं पाणी. ऑक्टोबरचं ऊन वरची माती लगेच सुकवतं. उगवून आल्यावर एक दिवसाआड चालतं. मेथी-मोहरी दाट आली तर रोपं उपटून विरळ करावी लागतात. ते काम मुलांचं. उपटायला त्यांना फार आवडतं आणि उपटलेलं फेकायचं नाही, धुऊन तिथंच खायचं. मोहरीचं कोवळं पान तिखट लागतं, हरभऱ्याचं आंबट, मेथीचं कडसर. ताटातली भाजी नको म्हणणारं पोर वाफ्याशी बसून पान चावून बघतं. त्याला कुणी "खा" म्हणत नसतं ना, म्हणून. माझी धाकटी अशीच मेथी खायला लागली. आधी एक पान, मग दोन. तुळशीच्या लग्नाला तिनं स्वतः काढलेल्या मेथीची भाजी केली, ती जेमतेम एक वाटी झाली. ती तिनं आधी सगळ्यांना वाढली, मग स्वतः खाल्ली.

पण एक सांगते. मेथी खाल्ली म्हणून नर्सताईंनी दिलेलं औषध बंद करू नका. रक्त कमी असेल तर नुसत्या पालेभाजीनं ते भरून येत नाही, औषध सांगितलं तितके दिवस द्यायचंच. पालेभाजीतलं लोह अंगी लागावं म्हणून भाजीवर लिंबू पिळा आणि जेवणाबरोबर चहा देऊ नका. मातीत हात घातले की खाण्याआधी साबणानं धुवायचे, नखं कापलेली ठेवायची. फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये अंगणवाडीत, शाळेत जंताची गोळी देतात, ती चुकवू नका. पोटात जंत असले तर रक्त कमीच राहतं.

जपायच्या आणखी चार गोष्टी. पाण्याची बादली, हौद उघडा ठेवू नका, रांगत्या मुलाला बादलीभर पाणीसुद्धा घातक असतं. फवारणीच्या औषधाची रिकामी बाटली कितीही धुतली तरी झारीसाठी वापरू नका. बांधावर चंद्रज्योत, म्हणजे मोगली एरंड असेल, एरंड असेल, धोतरा असेल, तर मुलांना पहिल्याच दिवशी दाखवा आणि सांगा, हे खायचं नाही. चंद्रज्योतीच्या बिया शेंगदाण्यासारख्या गोड लागतात म्हणून मुलं खातात आणि मग दवाखान्यात न्यावं लागतं. आणि दगड, पालापाचोळा आधी काठीनं हलवायचा, मग हात घालायचा. विंचवाचं गाव आहे आपलं.

पावट्यावर काळा मावा येईल. घाबरू नका. शेंड्यांवर चुलीची राख सकाळच्या दवात भुरभुरा. जास्त असेल तर पन्नास ग्रॅम निंबोळीची पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी गाळून किंचित साबण घालून फवारा. हे आपण करायचं, मुलांनी नाही. आणि काही रोपं जातीलच. ती जाऊ द्या. एका रात्रीत आणून दुसरी लावू नका. मुलाला कळू दे की पाणी घालायचं राहिलं की रोप मान टाकतं.

आता तुमच्यापैकी कुणी म्हणेल, "ताई, सकाळचा स्वयंपाक, रान, शेरडं, धुणं, त्यात हे आणखी एक काम?" बरोबर आहे. बाईच्या डोक्यावर आणखी एक घमेलं ठेवायला मी आले नाही. म्हणूनच दोन बाय चार फूट सांगितलं. दिवसाला दहा मिनिटं. तांदूळ धुतलेलं पाणी न्यायचं आणि पोराशेजारी उकिडवं बसायचं. दिवसभरात आपण पोराला किती वेळा "सर, लांब हो, हात लावू नको" म्हणतो ते मोजून बघा. या दहा मिनिटांत ते म्हणायचं नाही, एवढंच.

ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, असं त्यांनी केलं आणि त्यातून अंगणवाडी हा शब्द आला. पुढं १९७५ साली सरकारची बालविकास योजना सुरू झाली आणि तो शब्द देशभर गेला. अंगण म्हणजे मुलाची पहिली शाळा, हे आपल्या मातीतलंच आहे. आपल्याला फक्त तिथं थोडी जागा सोडायची आहे.

थोरल्याचं सांगते आणि थांबते. धाकटीच्या वाफ्याच्या वेळी तो आठ वर्षांचा होता. पहिले काही दिवस लांबून बघायचा. एकदा शेळी आत शिरली तर धावत जाऊन त्यानंच हाकलली. मग पावट्याला काठ्या रोवून दिल्या, दोरी बांधली. एका संध्याकाळी मी त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हटलं, "बाळा, तू लहान होतास तेव्हा तू बी उकरायचास, मी तुला मारलं होतं. तुझी चूक नव्हती ती. माझी होती." तो दोरीला गाठ मारत राहिला. म्हणाला, "मला बघायचं होतं फक्त."

त्या भोगीला आमच्या भाजीत मुलांच्या वाफ्यातला मूठभर पावटा आणि पसाभर सोलाणे पडले. बाजरीच्या भाकरीबरोबर थोरल्यानं भाजी दोनदा मागून घेतली. आणि पावट्याच्या चार शेंगा दोघांनी वेलावरच वाळू दिल्या, पुढच्या दसऱ्यासाठी. त्या शेंगा मला मागायच्या नाहीत, अशी मला ताकीद आहे.

तर मैत्रिणींनो, घट बसवताना या वेळी धान्य पोराच्या हातानं टाका. आणि दसऱ्याला सोनं लुटून आलात की चपला काढायच्या आधी परसात जा, पोराचं बोट मातीत एक पेर घाला आणि त्यात एक हरभरा टाकू द्या. वाकडा उगवला तर तसाच राहू द्या.

नमस्कार.